बारा पेंढ्या

४ मार्च

ती. ताई,

नमस्कार. हे पत्र आपलं गवत नेणाऱ्या भोंग्याच्या टेंपोतूनच पाठवतो आहे, पण या वेळी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून. मागचं पत्र त्याने बिडीच्या बंडलाखाली दाबलं होतं आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातल्या निम्म्या वेलांट्या पुसल्या होत्या.

हत्तीगवताच्या दुसऱ्या कापणीची फेरी चालू आहे. रानाच्या पट्ट्या पाडल्या आहेत, रोज एक पट्टी कापतो. पहिली कापणी सत्तर दिवसांनी घेतली होती, ही पंचेचाळीसाव्या दिवशी. गवत माझ्या डोक्यावर हातभर जातं. काठीने मोजलं, आणि काठी चुकली असेल म्हणून दोरीनेही मोजलं. आत शिरलं की बांधावरच्या माणसाला आपण दिसत नाही. एकच काळजी आहे. मी वीतभर बुडखा ठेवून कापतो, पण काही बुडखे वरून काळे पडतात आणि नवे फुटवे काडीसारखे बारीक येतात. पाणी कमी नाही, शेणखत कमी नाही. काय चुकतं ते कळत नाही.

आता एक कौतुक. रोज तुझ्या गोठ्यासाठी चाळीस पेंढ्या टेंपोत भरतो आणि दुसऱ्या दिवशी चाळीस दोऱ्या परत येतात. त्यांतल्या अठ्ठावीस शेणात लोळलेल्या, एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. बारा मात्र धुतलेल्या, सारखी घडी घातलेल्या, टोक आत खोचलेलं. एवढ्या कामात तुला हे कसं सुचतं? उरलेल्या अठ्ठावीस ज्याच्या हातात असतील त्यालाही शिकव.

तेरा गायींना चाळीस पेंढ्या पुरतात ना? भाऊजींनी चार नव्या गायी घेतल्याला तीन महिने झाले, पण एकीचंही वर्णन तू कळवलं नाहीस. रंग तरी लिही.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. मास्तर,

आशीर्वाद. तेरा गायी कुठून आणल्यास? माझ्या गोठ्यात नऊ आहेत. तू इतकं ठाम लिहितोस की मलाच शंका आली, म्हणून पत्र हातात घेऊन गोठ्यात गेले आणि मोजल्या. नऊ. शेपटांकडून मोजल्या तरी नऊ.

पेंढ्या अठ्ठावीस उतरतात. आणि दोऱ्यांना घडी? अरे, इथे साडीला घडी पडत नाही. दोन पोरं, नऊ गायी, दुधाची गिऱ्हाइकं दाराशी आणि सासूबाईंचे गुडघे. कोण धुतं नि कोण खोचतं देव जाणे. आमचा गडी तर तुझ्या गाठीला रोज शिव्या घालतो. म्हणतो, जगाची गाठ उजवीकडे ओढली की सुटते, तुमच्या भावाची आवळते. मी सांगितलं, तो डाव्या हाताने बांधतो, तूही डाव्या हाताने सोड. तर म्हणतो, मग पगार दोन्ही हातांचा द्या.

बुडख्याचं म्हणशील तर आपल्याकडे पूर्वी चार बोटं ठेवून कापायचे. कोण, ते लिहीत नाही. तुला तो विषय नको असतो.

तुझी मोजणी चुकली असेल. नसेल तर भोंग्याला विचार. बारा पेंढ्या काही वाऱ्याने उडत नाहीत.

ताई

१० मार्च

ती. ताई,

हे पत्र पोस्टाने टाकतो आहे, टेंपोतून नाही. का, ते पुढे येईलच.

मोजणी चुकली नाही. दोन दिवस मी पेंढ्या भरताना मोजल्या, कापणीवाल्या मावशींना वेगळ्या मोजायला लावल्या, आणि शेवटी भोंग्याकडून मोजून घेतल्या. तिघांच्या चाळीस आल्या. मग मी त्याला सरळ विचारलं, बारा कुठे विकतोस? मी चोर म्हणालो नाही, पण आवाज तसा निघाला असावा. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. हॉर्न वाजवल्याशिवाय त्याला विचार करता येत नाही, म्हणून एकदा वाजवला. मग म्हणाला, "मास्तर, बारा पेंढ्या बंद वीटभट्टीपाशी उतरतात. तुमच्या भाऊजींचा हुकूम आहे. तीन महिने झाले. आणि तुमच्या ताईंना हे माहीत नसेल, तर मलाही माहीत नाही असं समजा."

मी त्याची माफी मागितली.

पुढचं लिहावं की नाही याचा काल रात्रभर विचार केला. एका गाईला दिवसाला तीन पेंढ्या लागतात. बारा पेंढ्या म्हणजे चार गायी. भाऊजी मला तेरा म्हणाले ते त्यांच्या दृष्टीने खरंच होतं. फक्त त्यांतल्या चार तुझ्या दारात नाहीत. आणि गायी असल्या की त्यांच्यापाशी राहणारं, धारा काढणारं कोणीतरी असतं. दोऱ्या धुऊन ठेवणारं.

मी यापुढे काही लिहीत नाही. कदाचित मी चुकत असेन. चुकत असेन तर फार बरं होईल.

तुझा,
धाकटा

१३ मार्च

चि. मास्तर,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं.

जेवताना यांना विचारलं, आपल्या गायी किती? घास हातातच राहिला. म्हणाले, नऊ. माणूस किती सहज नऊ म्हणतो ते मी पाहिलं. आठ वर्षांत हे माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आता वाटतं, आठवत नाही एवढंच.

मग घर तपासलं. जाडी घोंगडी नाही. ती उंदरांनी खाल्ली असं मला सांगितलं होतं. ॲल्युमिनियमचा तांब्या नाही. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि मोठी सुई नाही. पुरुषमाणूस दुसरीकडे घोंगडी नेईल, तांब्या नेईल, पण सुईदोरा कशाला नेईल? तिथे शिवणारं कोणी असल्याशिवाय?

रोज संध्याकाळी दूध घालून यायला यांना पाऊण तास उशीर होतो. मी समजत होते, चौकात गप्पा मारतात.

मी रडले नाही. कसं सांगू, अंगात काही शिल्लकच नाही असं झालंय. गाईने लाथ मारावी आणि दुखणं अजून यायचं असावं, तसं. पोरांचे कपडे ट्रंकेत भरून ठेवले आहेत. सासूबाई विचारतात, कुठे निघालीस? मी म्हणते, कपड्यांना ऊन देतेय.

रविवारी ये आणि आम्हाला घेऊन जा. यांच्याशी बोलू नकोस. मीही बोलणार नाही.

ताई

१६ मार्च

ती. ताई,

अक्षर वाकडं येतं आहे, समजून घे. डाव्या हाताने लिहायला शिकल्यापासून इतकं वाईट कधी आलं नव्हतं.

तुला न्यायला येण्याआधी एकदा स्वतः पाहावं, म्हणून आज सकाळी सायकलने वीटभट्टीवर गेलो. जे पाहिलं ते जसं पाहिलं तसंच लिहितो. एक शब्दही पुढेमागे करत नाही.

भट्टी बंद आहे. धुराड्याच्या मागे पत्र्याची शेड आहे. दार नाही, गोणपाटाचा पडदा आहे आणि तो ठिकठिकाणी पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला आहे. आत चार गायी. दोन काळ्या-पांढऱ्या, एक तांबडी, एक भुरी. खाली शेणाचा ठिपका नाही. गव्हाणीत माझं गवत, हातभर लांबीचे तुकडे केलेलं. विळ्याने केलेले. शेडमध्ये चारा कापायचं चाकाचं यंत्र, कडबाकुट्टी, नाही.

उलट्या बादलीवर कोणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. मी बाई शोधत होतो, त्यामुळे मला आधी काही दिसलंच नाही. तो म्हातारा होता. मांडीवर दोऱ्या होत्या. एक दोरी घ्यायचा, अंगठा आणि करंगळीत आडवीतिडवी गुंडाळायचा, टोक आत खोचायचा. डाव्या हाताने. मग त्याने न सोडलेली एक पेंढी पुढ्यात ओढली आणि माझी गाठ, जी तुमच्या गड्याला रोज शिव्या द्यायला लावते, ती एका बोटाने सोडली. न बघता.

तोंड दिसायच्या आधी मला कळलं होतं.

ताई, बाबा आहेत.

मी हाक मारली नाही. सायकल कधी वळवली ते आठवत नाही. कालव्याच्या पुलावर येऊन बसलो आणि तिथे मी हात पाहत होतो. उजवा. अकरा वर्षांत मी तो इतका वेळ पाहिला नव्हता. बाबांनी कडबाकुट्टीचं चाक फिरवलं, मी गवत सारत होतो, मी चौथीत होतो, बाकी तुला माहीत आहे. मला दवाखान्यातून घरी आणल्यावर ते पंचवीस दिवस राहिले. मी मोजले होते. त्या पंचवीस दिवसांत ते माझ्याशी बोलताना भिंतीकडे पाहून बोलायचे. सव्विसाव्या दिवशी नव्हते.

आईने पाच वर्षं त्यांचं ताट वाढलं. मग वाढणं बंद केलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा सगळे मला म्हणाले, तुझा बाप असता तर. मी म्हणालो, नाहीत ते. मेले असतील. हे मी स्पष्ट म्हणालो होतो, तू ऐकलं होतंस.

ते तुझ्या घरापासून चार किलोमीटरवर घोंगडी पांघरून बसले आहेत.

रविवारी येऊ की नको ते कळव. मला काही ठरवता येत नाही.

धाकटा

१९ मार्च

चि. बाळ,

तुझं पत्र यांच्यासमोर धरलं. यांनी वाचलं, खाली बसले, आणि म्हणाले, सुटलो. मग स्वतःच कागद मागितला. सोबत जोडला आहे.

मला एकच गोष्ट टोचते आहे. घडी घालून टोक आत खोचलेलं, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलं आणि यावर विनोद केला. आपल्या गोठ्यात तशी घडी कोण घालायचं? तू लहान होतास, तुला नसेल आठवत. मी सोळा वर्षांची होते. मला आठवायला हवं होतं. मी बाई शोधली, कारण बाई शोधणं सोपं होतं.

ट्रंक अजून भरलेलीच आहे. बाई नाही हे कळल्यावर राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही, नुसता जागा बदलून बसला. तीन महिने माझा बाप माझ्याच गायींच्या धारा काढत होता आणि मी त्याच माणसाला रोज जेवायला वाढत होते ज्याला हे माहीत होतं.

गवत तुझं, हात तुझा. तू म्हणशील ते मी करीन. बारा पेंढ्या बंद कर म्हणालास तर बंद.

ताई

(सोबतचा कागद)

प्रिय मेहुणे,

मला पत्र लिहायची सवय नाही. चुका काढू नका.

डिसेंबरात भट्टीचा राखणदार पहिल्यांदाच दूध न्यायला आमच्या दारी आला होता, ही आत होती. गवत उतरत होतं. पेंढीला हात लावून उभाच राहिला. म्हणाला, ही गाठ कोण बांधतं? मी म्हणालो, माझा मेहुणा. म्हणाला, डावरा आहे? मी म्हणालो, नाही हो, लहानपणी उजव्या हाताची दोन बोटं गेली, म्हणून डाव्याने बांधतो. तो माणूस तिथेच खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं तर प्यायला नाही. विचारलं, लिहितो का तो? मी म्हणालो, लिहितो तर असा की आम्हाला आमच्या चुका दाखवतो.

मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, आमचं लग्न नंतरचं. पण मला समजलं. घरात चला म्हणालो. म्हणाले, पोरांना कळलं तर मी त्याच दिवशी निघून जाईन, मग तुम्ही शोधत बसा. मला वाटलं, निघून जायची या माणसाला सवय आहे. तो हाताशी असलेला बरा. म्हणून चार गायी घेतल्या. गाय असली की माणूस कुठे जात नाही, धार काढायला त्याला थांबावंच लागतं. तुमच्या आई गेल्याचं मी सांगितलं. दोन दिवस ते बोलले नाहीत, पण दोन्ही दिवस धारा काढल्या.

रोज एकच विचारतात, आज गाठ त्याचीच आहे ना?

माझं चुकलं. पण काय करायला हवं होतं ते अजून कळत नाही.

२१ मार्च

ती. ताई,

बारा पेंढ्या बंद करू नकोस. गायींचा काही दोष नाही.

पण मी यापुढे त्या बांधणार नाही. उद्यापासून सगळ्या चाळीस मावशी बांधतील. साधी गाठ, उजव्या हाताची. तुमच्या गड्यालाही आराम.

भाऊजींवर मी रागावलो आहे, पण तू ट्रंक घेऊन निघावंस इतका नाही. ती चूक माझ्या पत्राची होती. मी हिशेब बरोबर केला आणि उत्तर चुकीचं काढलं. भेटायला जाणार नाही. विचारू नकोस.

धाकटा

२६ मार्च

ती. ताई,

हे भोंग्याबरोबरच पाठवतो आहे. तो म्हणतो, आता तरी मला चोर समजत नाहीत ना. आजच्या आज वाच.

गेले चार दिवस मावशी पेंढ्या बांधत होत्या. आज दहाच्या सुमाराला मी गवतात आत होतो, तिसऱ्या ओळीत, कापत. बांधावर मावशी कोणाशी तरी बोलताना ऐकू आल्या.

"काय हवंय, बाबा?"

"काही नाही. इथून गवत जातं ना, त्याच्या पेंढ्या एक मुलगा बांधतो."

"बांधायचा. आता मी बांधते."

"आजारी आहे का तो?"

"धडधाकट आहे. नुसतं डोकं फिरलंय."

"हात दुखतोय का त्याचा?"

"कुठला हात?"

"कुठलाही."

ताई, भट्टीपासून इथपर्यंत अकरा किलोमीटर आहेत. ते चालत आले होते. चपलेचा अंगठा तुटला होता आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला होता.

मी विळा खाली ठेवला. उजवा हात खिशात होता, माणसं समोर असली की तो आपोआप खिशात जातो. गवत बाजूला करून मी बाहेर आलो, आणि बाहेर आल्यावर तो काढला. त्यांनी पाहिला. या वेळी भिंत नव्हती. त्यांनी खाली, बुडख्यांकडे पाहिलं.

मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. म्हणजे, अकरा वर्षांनंतर माणूस जे बोलतो ते. मी कित्येकदा त्यांच्या बाजूचंही बोलणं मनात लिहून ठेवलं होतं. ते म्हणाले, "फार उंच कापतोस. एवढा दांडा राहिला की फुटवा जमिनीतून येत नाही, दांड्यावरून येतो. मग तो बारीकच राहणार." आणि गुडघ्यावर बसून त्यांनी हात जमिनीला लावून उभा धरला. "चार बोटं ठेव. चार—"

तिथे थांबले. हात मागे घेतला आणि धोतराखाली लपवला, जणू चोरी केली होती.

मी खाली बसलो. माझा डावा हात बुडख्याला लावला. चारही बोटं आहेत त्याला. मी विचारलं, "एवढं?"

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. म्हणाले, "एवढं."

मावशी म्हणाल्या, "दोघं मातीत बसूनच राहणार असाल तर टेंपो रिकामा जाईल."

मग आम्ही उरलेल्या पेंढ्या बांधल्या. एकदा मी विचारलं, आई गेली तेव्हा का आला नाहीत? तेव्हा त्यांना माहीतच नव्हतं, हे मला माहीत असूनही विचारलं. ते पेंढी आवळत राहिले. उद्या पुन्हा विचारीन. मी माफ केलेलं नाही, हे तुला स्पष्ट लिहितो, म्हणजे तू भाऊजींना तसं सांगणार नाहीस.

आता ते टेंपोत भोंग्याशेजारी बसले आहेत. धारेची वेळ चुकेल म्हणून त्यांना घाई आहे. टेंपो आधी तुझ्या दारात थांबेल, हे भोंग्याला सांगितलं आहे, त्यांना सांगितलेलं नाही. ट्रंक उघड, कपडे बाहेर काढ. घोंगडी मात्र परत मागू नकोस.

पेंढ्या चाळीसच आहेत. तेवीस मावशींनी बांधल्या, त्या ओळखू येतील. उरलेल्या सतरा आम्ही दोघांनी. त्यांतल्या माझ्या कोणत्या आणि त्यांच्या कोणत्या, हे तुला कळवावं म्हणून टेंपो सुटायच्या आधी मी पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं. नाही ओळखता आलं.

तुझा,
धाकटा